एफ नाइनचं सील

सम्राट झाल्यावर माणसाने पहिलं काम काय करावं, तर गप्प बसावं. हे शहाणपण मला आता आलंय. तेव्हा मी ताबडतोब दादाला फोन लावला.

शनिवार होता, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आमच्या हॉलमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, ज्याचा पंखा सुरू झाला की आजोबा रेडिओचा आवाज वाढवतात. त्याच्यावर मी राज्य वाढवायच्या खेळातली सगळ्यात अवघड पातळी संपवली. तिचं नावच 'सम्राट'. खेळ दोनशे टर्नचा. आपल्या टर्नला आपण शेतं वाढवायची, रस्ते करायचे, सैन्य सरकवायचं. मग कॉम्प्युटरचे तीन राजे आपापलं काय ते करतात. झाला एक टर्न. समोर माणूस कोणी नाही. मी, एक डगमगती खुर्ची आणि तीन महिने. दोनशेव्या टर्नला पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, 'महाराज, आपण सम्राट झालात', आणि मी उठून डायनिंग टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. (या खेळात महाराणी व्हायची सोय नाही. त्याबद्दल मी बनवणाऱ्यांना पत्र लिहिणार आहे, पण एका वेळी एकच लढाई.)

आता दादाला फोन कशाला, तर खोलीसाठी. आमच्या घरात झोपायच्या खोल्या दोन. एक आईबाबांची. दुसरी दादाची, जिला खिडकी आहे, टेबल आहे आणि मुख्य म्हणजे बंद होणारं दार आहे. दादा कॉलेजसाठी परगावी असतो, वर्षातून दोनदा येतो. उरलेला काळ त्या खोलीत त्याचे बूट राहतात. मी आणि आजोबा हॉलमध्ये. आजोबा प्रेमळ आहेत, पण ते घोरतात, आणि मी काही वाचत असले की मागे उभं राहून तेच मोठ्याने वाचतात. मागच्या सुट्टीत मी खोली मागितली तेव्हा दादा म्हणाला होता, "सम्राट होऊन दाखव, खोली तुझी." मी ते लगेच कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतलं, दोघांच्या सह्या केल्या, साक्षीदार म्हणून आईचीही घेतली. यंदापासून मी सगळं लिहून घेते. यंदापासून मी वर्गात हात वर करून शंकाही विचारते. आमच्या भूगोलाच्या बाई म्हणतात की गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात आहे हे हजेरीशिवाय कळायचं नाही, आता हजेरी घ्यायला वेळच मिळत नाही.

"दादा, बूट हलव," मी फोनवर म्हटलं. "सम्राट झाले."

"कोण झालं?"

"मी. कॅलेंडर काढून ठेवलंय."

त्याने शांतपणे विचारलं, "लोड किती वेळा केलंस?"

"लोड म्हणजे?" मी म्हटलं. ज्याला प्रश्न अगदी नीट कळलाय तोच माणूस हे असं विचारतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळताना एफ फाइव्ह दाबलं की आहे तो डाव जपून ठेवला जातो. त्याला सेव्ह म्हणतात. मग पुढे लढाई हरलो, पूर आला, सेनापती फितूर झाला, काहीही झालं, तरी एफ नाइन दाबायचं. म्हणजे लोड. जपलेला डाव परत उघडतो आणि मधलं काहीही घडलेलंच नसतं. सेनापती पुन्हा मिशीला पीळ देत आपल्या शेजारी उभा. मी सेव्हना नावं देते. 'लढाईआधी'. मग 'लढाईआधी नक्की'. मग 'लढाईआधी शेवटचं'. मग 'लढाईआधी आईशप्पथ शेवटचं'. प्रत्येक लोडला मी एक रेघही मारून ठेवली होती. मोजल्या तेव्हा एकशे तेरा निघाल्या.

"एकशे तेरा," मी म्हटलं. खोटं बोलायचं माझ्या मनातही आलं नाही, याची नोंद पुढे कोणीच घेतली नाही.

"मग तू कुठे जिंकलीस? एफ नाइन जिंकलं. त्याला दे खोली," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी पाच मिनिटं रागावले आणि मग मला खरंच प्रश्न पडला. चीटिंग म्हणजे कोणाला तरी फसवणं. इथे फसलं कोण? कॉम्प्युटरच्या लाल राजाला तर काही आठवतही नाही. मग मी लबाडी केली ती कोणाशी? दुखावल्यासारखं वाटत होतंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मजा वाटायला लागली. मी एक कोरी वही काढली, वर लिहिलं 'एकट्याने खेळताना चीटिंग कशाला म्हणावं: एक चौकशी', आणि घरापासून सुरुवात केली.

बाबा वजनमापे निरीक्षक आहेत. दुकानांचे काटे तपासायचे, खरे असले तर तारेवर शिशाचं सील मारायचं, खोटे असले तर जप्त करायचे, हे त्यांचं काम. घरात कोणी 'चिमूटभर मीठ' म्हटलं तरी त्यांना अस्वस्थ वाटतं.

"बाबा, समजा दुकानात गिऱ्हाईकच नाही. दुकानदार एकटाच बसून स्वतःसाठी साखर मोजतोय. काटा खोटा. गुन्हा आहे का?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. असे प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. "गिऱ्हाईक नसलं तरी काटा आहे ना? खोटा काटा रिकामा असला तरी खोटाच."

"पण समोरचाच खोटा असला तर?" सम्राट पातळीवर कॉम्प्युटरच्या राजांना दुप्पट धान्य मिळतं आणि अख्खा नकाशा दिसतो. आपल्याला निम्मा नकाशा काळा. हे खेळाच्या माहितीतच लिहिलंय, लपवून नाही.

"समोरच्याचा काटा मी जप्त करीन," बाबा म्हणाले. "मग तुझाही करीन."

हे वाक्य मी वहीत चौकटीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला गेले तर बाबा बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभे, आणि त्यांचा एक हात बेसिनवर. नुसता ठेवलेला नाही, रेटलेला. काटा दीड किलोने खूश.

"बेसिन ढिलं झालंय का बघत होतो," बाबा म्हणाले.

मी वहीतली चौकट खोडली.

आई ग्रंथालयात काम करते. ती म्हणाली, "लोक रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतात, मी रोज बघते. मी त्यांना दंड करत नाही. पुस्तक त्यांनी घरी नेलंय, कसं वाचायचं ते त्यांचं ते बघतील." मला हे फार पटलं. फक्त हे बोलताना तिचा उजवा हात सारखा वरखाली होत होता आणि हातात फोन होता.

"आई, फोन का हलवतेस?"

"चारशे पावलं राहिलीत."

"तू बसली आहेस."

"दिवसभर पुस्तकं लावत चालले तेव्हा फोन टेबलावर होता. ती पावलं मी आता भरून घेतेय," आई म्हणाली. "ही चीटिंग नाही, ही थकबाकी."

आजोबा डायनिंग टेबलावर पत्ते मांडून एकट्याने खेळतात. त्यांना फार विचारावं लागलं नाही.

"झाकलेलं पान उचलून बघायचं नाही," ते म्हणाले. "दिवसाला तीनदा सोडून."

"तीन कोणी ठरवलं?"

"मी. चौथ्यांदा बघणं म्हणजे शुद्ध चीटिंग. त्या बाबतीत मी फार कडक आहे."

माझ्या लक्षात यायला लागलं की या घरात सगळे एकटे असताना काहीतरी करतात आणि प्रत्येकाकडे त्याचं एक कारण असतं, आणि ते ऐकलं की पटतंच. मग मी इमारतीत शिरले.

तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान आहे. "लोड म्हणजे उसवणंच की," ते म्हणाले. तोंडात टाचण्या धरून त्यांना स्पष्ट बोलता येतं, ही विद्या आहे. "ज्याने कधी उसवलं नाही त्याने कधी शिवलंच नाही बघ."

मी आनंदाने लिहून घेतलं. "म्हणजे एकशे तेरा वेळा उसवलं तरी चालेल ना, काका?"

त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. "एकशे तेरा? मग कापड कुठे उरलं, बाळ? नुसती भोकं उरली असतील."

पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले ती चूक झाली. त्या गप्पा मारतात, पण पेशंटच्या खुर्चीत बसवून. "माझ्याकडे एफ नाइन नाही गं," त्या माझ्या तोंडात आरसा घालत म्हणाल्या. "उपटला तो उपटला. म्हणून मी आधी चारदा एक्स-रे बघते. पुढे काय होणार त्याचा अंदाज घेणं वेगळं, झालेलं पुसून टाकणं वेगळं. पटतंय?"

"आँ," मी म्हटलं. मला म्हणायचं होतं की वाक्य फार चांगलं आहे, वही द्या.

"बरोबर. आणि ही दाढ किडली आहे."

चौकशीची पहिली निष्पत्ती म्हणजे माझी दाढ भरली गेली. अर्धा गाल बधिर घेऊन मी जिना चढत होते, आणि तिसऱ्या मजल्यावर मला शिरस्तेदारकाकांनी गाठलं. पुढे जे झालं त्याला ही गाठ कारण आहे.

शिरस्तेदारकाका कोर्टातून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद त्यांनी लावले. आता ते इमारतीच्या कमिटीचे सचिव आहेत आणि आमची इमारत फार समजूतदार आहे. अकरा महिन्यांत एकही तक्रार नाही. काका नोटीस बोर्डाची काच रोज पुसतात, आत काही नसतं. अशा माणसासमोर मी बधिर तोंडाने म्हटलं, "काका, माझा आणि दादाचा खोलीवरून वाद आहे."

त्यांचे डोळे असे चमकले की मला जरा भीतीच वाटली. "अर्ज कर," ते म्हणाले. "तीन प्रतींत."

कमिटीकडे छापील नमुने तीनच: पाणीगळती, वाहनतळ आणि पाळीव प्राणी. बराच विचार करून काकांनी मला गळतीचा दिला. 'गळती कुठून होते?' या रकान्यात मी लिहिलं, 'नियमांतून.' 'किती दिवसांपासून?' 'तीन महिने.' 'खालच्या मजल्यास त्रास?' इथे मी नाही लिहिलं, पण काकांनी खोडून 'संभाव्य' केलं. अर्ज भक्कम हवा म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. आई म्हणाली की ही घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. काका म्हणाले, "वहिनी, घरातच तर बसलोय." शिंपीकाका आणि डॉक्टरीणबाई कमिटीचे सदस्य म्हणून आले. दादाला व्हिडिओ कॉल लावून फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा केला. त्याच्या मागे त्याचे मित्र दिसत होते आणि त्यातला एक काहीतरी खात होता.

"प्रतिवादी, तुमचं म्हणणं?" काकांनी डब्याला विचारलं.

"ती प्रत्येक लढाई आधी हरून बघते, मग परत जाऊन जिंकते," दादा म्हणाला. "याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा."

"मी चुका सुधारते," मी म्हटलं. "शाळेत याला कौतुकाने सराव म्हणतात."

"सरावाच्या पेपरावर नंबर लावतात का?"

हे मला झोंबलं, कारण चांगलं होतं. दोन तास वाद चालला. बेसिनचा विषय माझ्या ओठांवर आला होता, पण बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किट खाल्लं. शेवटी काकांनी हुकूम लिहून घेतला. रविवारी सकाळी दहा वाजता मी एकशेसाठाव्या टर्नपासून शेवटचे चाळीस टर्न सर्वांसमक्ष पुन्हा खेळायचे. एकदाही लोड न करता. सम्राट झाले तर खोली माझी, नाही तर दादाची, आणि पुन्हा कोणी ब्र काढायचा नाही. "आणि निकाल लागेपर्यंत," काका म्हणाले, "वादातली मालमत्ता तटस्थ इसमाच्या ताब्यात."

तटस्थ इसम म्हणून सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी पत्ते गोळा केले, उशी आणि रेडिओ उचलला, दादाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. इतक्या चटकन उठताना त्यांना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबा ऑफिसची पेटी घेऊन हॉलमध्ये आले. आदल्या रात्रीपासून ते गंभीर होते. त्यांनी कीबोर्ड उलटा केला, एफ नाइनच्या बटणावर एक लहानशी पत्र्याची टोपी बसवली, तिच्यातून तार ओवून कीबोर्डाच्या पाठीमागे नेली, तारेची दोन टोकं शिशाच्या गोळीत घातली आणि पकडीने दाबली. कट्ट. शिशावर सालाचा आकडा उमटला.

"आता हे बटण माझ्याशिवाय कोणी उघडलं तर सहा महिने," बाबा म्हणाले. मग त्यांना आठवलं की कीबोर्ड आपलाच आहे.

"मेनूतूनही लोड होतं," डब्याला टेकलेला दादा म्हणाला. तो उगाच कॉलेजात गेला नाही. मग एकशेसाठचा डाव उघडून झाल्यावर बाकीच्या सगळ्या सेव्ह एका पेन ड्राइव्हवर काढल्या, तो पाकिटात घातला, पाकिटावर लाख ओतली, आणि पाकीट आजोबांच्या स्वाधीन केलं. ते खोलीचं दार उघडून एवढ्यापुरते बाहेर आले होते.

"प्रेक्षकांनी सल्ले द्यायचे नाहीत," काकांनी जाहीर केलं. "सल्ला हीसुद्धा मदतच."

हे डॉक्टरीणबाईंना फार जड गेलं. आयुष्यभर ज्यांना उत्तर देता येत नाही अशांशी बोलायची त्यांना सवय. सहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "मी आपली सहज म्हणते, तो डोंगर मोकळा का ठेवलाय?" शिंपीकाका बोलले नाहीत, पण गळ्यातली टेप काढून पडद्यावर माझ्या सैन्यापासून नदीपर्यंतचं अंतर मोजायला लागले. "अडीच इंच," ते स्वतःशी म्हणाले. काकांनी दोघांची नावं लिहून घेतली.

मला काही चिंता नव्हती, कारण मला सगळं पाठ होतं. एकशेबहात्तराव्या टर्नला लाल राजा पूर्वेच्या पुलावरून येतो. मागच्या वेळी तो असा येईल हे मला माहीत नव्हतं तेव्हा त्याने माझं धान्याचं शहर घेतलं होतं. मी लोड केलं होतं. दुसऱ्यांदाही घेतलं होतं. तेव्हाही लोड केलं होतं. पाचव्या खेपेला मी पुलावर एवढं सैन्य उभं केलं की तो नुसता येऊन चिरडला गेला, आणि तिथेच खरं तर मी सम्राट झाले. म्हणून या वेळी मी एकशेसत्तरालाच सगळ्यांना पुलाकडे पिटाळलं. प्रेक्षक दबून बघत होते. ही मुलगी किती पुढचं बघते, असं डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

एकशेबहात्तरावा टर्न आला. पूल रिकामा. एकशेत्र्याहत्तर. पूल रिकामा. नदीवर एक बदक फिरत होतं, ते खेळात शोभेला असतं.

एकशेचौऱ्याहत्तराव्या टर्नला लाल राजा पश्चिमेच्या जंगलातून आला. मी एवढं सैन्य दोन टर्न आधीच पुलावर नेलेलं त्याने पाहिलं, कारण त्याला नकाशा दिसतो, आणि तो शहाण्यासारखा दुसरीकडून आला. धान्याच्या शहरात माझे पाच पहारेकरी होते. त्यांनी काय करावं? त्यांनी दार उघडलं.



"म्हणजे तुला पेपर आधी माहीत होता," बाबा हळूच म्हणाले. रागाने नाही, जसा एखादा काटा उचलून खालून बघावा तसं. "आणि आज पेपर बदलला."

मला तेच नेमकं त्या क्षणी कळलं होतं. मी तीन महिने डावपेच लढवतेय असं समजत होते. मी पाठांतर करत होते.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळ्यांना माझी दया आली.

"पहारेकरी पाच म्हणजे अन्यायच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक डाव उघडला तर कोणाचं काय जातंय?"

"एकदा उसवायला हरकत नाही," शिंपीकाका म्हणाले. "एकशे तेरा नको, पण एकदा."

आजोबांनी पाकिटावरची लाख नखाने खरवडायला घेतली होती. "दिवसाला तीन चालतात," ते म्हणाले. शिरस्तेदारकाका खिडकीबाहेर बघायला लागले आणि म्हणाले की सचिवाला कधी कधी दिसत नाही. आणि बाबा, ज्यांनी चाळीस दुकानं बंद पाडली आहेत ते माझे बाबा, पेटीतून पकड काढून तारेपाशी वाकले.

"कर गं लोड," डब्यावरून दादा म्हणाला. "मी पाणी प्यायला उठलो होतो. मी काही बघितलं नाही."

आता खोली मला हवी होती. किती हवी होती ते फक्त तेच लोक समजू शकतील ज्यांच्या मागे उभं राहून कोणी त्यांची डायरी मोठ्याने वाचलेली आहे. पकड तारेपासून बोटभर लांब होती. पण तेवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं. पडलेल्या शहरातून लहान लहान गाड्या बाहेर पडत होत्या. गाड्यांवर गाठोडी. त्या रांगेने माझ्या टेकडीवरच्या गावाकडे निघाल्या होत्या. तीन महिने हा खेळ मी खेळले आणि या गाड्या मी कधीही पाहिल्या नव्हत्या. कशा बघणार? शहर पडलं की माझं बोट एफ नाइनवर असायचं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "पुढे काय होतं ते मला माहीत नाहीये."

"पुढे हरशील," दादा म्हणाला.

"हो, पण कशी?"

बाबांनी पकड मागे घेतली. मी पुढचा टर्न दाबला.

माझ्याकडे एक धान्यमंत्री आहे. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा गोल चेहरा असतो आणि तो दर दहा टर्नांनी म्हणतो, 'महाराज, कोठारं भरलेली आहेत.' मला वाटायचं त्याला एवढंच येतं. त्या टर्नला तो पहिल्यांदा दुसरं काही बोलला. 'महाराज, आता मोजून खावं लागेल.' बाबा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

मग गाड्यांमधून आलेल्या लोकांनी विचारलं की आम्ही कुठे राहू. सेनापती रुसून निघून गेला, जाताना मिशी उतरलेली. निळ्या राजाच्या राणीने, जिच्याशी मी कधी धड बोललेही नव्हते, न मागता दहा पोती गहू पाठवला, आणि मला तोपर्यंत माहीत नव्हतं की तिला हरणारे लोक आवडतात. मी सैनिकांना शेतात लावलं. कोणी सल्ले देत नव्हतं, कारण कोणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. शिंपीकाकांनी टेप गळ्यात टाकली होती. आईने फोन बाजूला ठेवला होता. एकशेनव्वदाव्या टर्नला लाल राजा टेकडीखाली येऊन बसला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझा खांदा धरला आणि तो सोडलाच नाही.

दोनशेव्या टर्नला माझ्याकडे एक गाव उरलं होतं. पडद्यावर सोनेरी नाही, साधी पांढरी अक्षरं आली. 'महाराज, आपण शेवटच्या क्रमांकावर आहात. आपलं गाव मात्र अजून उभं आहे.'

शिरस्तेदारकाका खाकरले. "वादी सम्राट झाल्याचं आढळून आलं नाही," ते म्हणाले, पण लिहिताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. दादाची खोली दादाची राहिली. मी काही रडले नाही. नाक वाहत होतं ते बधिर दाढेमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. दाढ मंगळवारी भरली होती.

"हे पांढरं मी पण कधी पाहिलं नाही," दादा डब्यावरून म्हणाला. मागचे त्याचे मित्रही वाकून बघत होते.

"तू तर सम्राट झालेला आहेस ना?" मी विचारलं.

फोन गेल्यासारखा झाला. पण गेला नव्हता, मागचा मुलगा चावताना दिसत होता.

"किती वेळा लोड केलंस, दादा?"

"मोजले नाहीत," तो म्हणाला. मग हळूच, "दोनशेच्या वर."

यावर शिरस्तेदारकाकांना जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यांनी ताबडतोब नवा कागद घेतला. प्रतिवादीचा हक्कही सिद्ध होत नाही, सबब दोघांनी पहिल्या टर्नपासून नव्याने, लोड न करता खेळायचं. जो खरा सम्राट होईल खोली त्याची. तोवर मालमत्ता तटस्थ इसमाकडे. हुकूम नोटीस बोर्डावर लागला. काच त्यांनी दोन्ही बाजूंनी पुसली.

याला आता पाच आठवडे झाले. बाबांनी एक सील दादालाही टपालाने पाठवलं, सोबत ते कसं मारायचं याची चित्रं. वजनकाट्याशेजारच्या बेसिनला त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी लावली आहे, 'टेकू नये'. दादाचं राज्य एकसष्टाव्या टर्नला पुरात गेलं, म्हणून तो परत पहिल्यापासून खेळतोय. मी चौऱ्याहत्तराव्या टर्नवर आहे, तिसऱ्या क्रमांकावर, सगळ्या शहरांत पहारेकरी ठेवून. हॉल सध्या माझ्या एकटीचा आहे, पण हॉलला दार नाही. दार आजोबांकडे आहे, आणि आम्हा दोघांपैकी कोणी सम्राट व्हावं अशी त्यांची अजिबात इच्छा दिसत नाही.

काल दुपारी मी त्यांना चहा द्यायला गेले. दार बंद होतं. आतून पत्त्यांचा आवाज येत होता, एक पान, एक पान, एक पान, आणि मग एकदम काहीच नाही. एखादं झाकलेलं पान कोपऱ्याला धरून जेवढं उचलावं लागतं, बरोबर तेवढा वेळ.

"आजोबा," मी दारातून विचारलं, "आजची ही कितवी?"

"चौथी," आजोबा म्हणाले. "पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं."